बाकावरची रायफल

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना भरल्या आहेत.)

आदरणीय गुरुजन, आणि १९८१ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

सूत्रसंचालक बाईंनी मला वीस मिनिटं दिली आहेत. शाळेत मी सलग दोन मिनिटं बोललो की बाकावर उभा राहायचो, हे पुढच्या रांगेत बसलेल्या गुरुजनांना आठवत असेल. आज उभं राहूनच बोलायचं आहे, म्हणजे सवय मोडलेली नाही.

विषय तुम्हीच दिला आहे. गेल्या दिवाळीत आपल्या ग्रुपवर आपल्या एका मित्रानं लिहिलं, 'नातवानं एअर रायफल घेतली आहे. घरी कोणती हत्यारं लागतील? आयटीआयवाले, बोला.' आयटीआयवाला म्हणजे मी. तेहतीस वर्षं शिल्पनिदेशक म्हणून नोकरी केली, टर्नर आणि मशिनिस्ट शिकवले. संध्याकाळी रेंजवर पोरांच्या रायफली बघायचा नाद होता, अजून आहे. आम्हा कारखान्यातल्या माणसांच्या भाषेत हत्यार म्हणजे पाना, कानस, हातोडी. पण ग्रुपवर कुणीतरी त्या शब्दाचा दुसरा अर्थ घेतला, मग टेक्सासातल्या आपल्या मित्रानं एक व्हिडिओ टाकला, 'रायफलीचा रिसीव्हर घरच्या घरी जोडा', आणि खाली लिहिलं, 'इकडे लोक शनिवार-रविवारी हे करतात. तुझ्या हाताला काय अवघड आहे?' त्यानंतर दोन दिवस तुमची जी काही गंमत चालली ती सगळ्यांनी वाचली. मी उत्तर दिलं नाही. काहींना वाटलं, मी रागावलो. रागावलो नव्हतो. उत्तर अंगठ्यानं टाइप करण्यासारखं नव्हतं, एवढंच. आज देतो.

आधी टेक्सासकरांचं. रिसीव्हर म्हणजे रायफलीचा मधला सांगाडा. नळी, चाप, बोल्ट सगळं ज्याला येऊन मिळतं तो भाग. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानं गंमत अशी केली की, कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे हाच भाग. नंबर याच्यावर कोरायचा. नळी, दस्ता, चाप हे सुटे भाग म्हणून विकता येतात. मग काही लोकांनी डोकं चालवलं. सांगाडा अर्धवट तयार करून विकायचा, म्हणजे तो अजून बंदूक झालाच नाही, म्हणजे नंबर नको, विचारपूस नको. राहिलेलं काम गिऱ्हाइकानं घरी करायचं. अशा बिननंबरी बंदुका गुन्ह्यांत सापडायला लागल्या तेव्हा २०२२ साली तिथल्या केंद्र सरकारनं नियम काढला की, अशी किट्ससुद्धा बंदूकच धरली जातील. त्यावर खटला झाला, आणि २६ मार्च २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन अशा मतांनी तो नियम उचलून धरला. म्हणजे मित्रा, तुझ्या गावीसुद्धा ते काम आता शनिवार-रविवारची करमणूक इतकं सोपं राहिलेलं नाही.

आपल्याकडे तर हा प्रश्नच नाही. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या पाचव्या कलमात परवान्याशिवाय बंदूक बनवायला बंदी आहे, विकायला आहे, फेरफार करायला आहे, आणि नीट ऐका, दुरुस्त करायलाही आहे. 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. तेव्हा कुणाच्या आजोबांची बारा बोअर माळ्यावर असेल, 'तू जरा बघ की' म्हणून कुणी माझ्याकडे आणू नये. परवाना असलेल्या दुकानातच न्यायची. मी तुमचा मित्र आहे, पण त्या बाबतीत नाही.

खेळाची एअर रायफल वेगळी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे छिद्र पॉइंट १७७ इंचापेक्षा मोठं नाही आणि ऊर्जा वीस ज्यूलपेक्षा जास्त नाही अशा एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते. अर्ध्या ग्रॅमची शिशाची गोळी, सेकंदाला साधारण १७० मीटर. ऐकायला किरकोळ. पण डोळ्याला लागली तर डोळा जातो. बिल आणि ओळखपत्राची प्रत रायफलीच्या पेटीतच ठेवा, रस्त्यात कुणी विचारलं तर घरी धावायला नको.

आता नातवाचं. या रायफलीवर घरी काम करायचं ते तिला 'बनवायचं' नसतं. ती जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात बनून आलेली असते, किंवा आता आपल्या देशातही बनते, आणि ज्यांनी बनवली त्यांचं यंत्र आपल्या हातापेक्षा सरळ चालतं. घरी करायचं काम म्हणजे ती त्या पोराच्या अंगाला बसवायची. शिंप्याचं काम आहे, लोहाराचं नाही. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मोहरीपेक्षा लहान. साठ गोळ्या, सव्वा तास. पोराची मान थोडी अवघडली, गाल दर वेळी वेगळ्या ठिकाणी टेकला, की जगातली सगळ्यात महाग रायफलसुद्धा आठ मारते.

पहिली गोष्ट उजेड आणि जुनी पांढरी चादर. हसू नका. स्क्रू पांढऱ्यावर पडला तर दिसतो, फरशीवर पडला तर फ्रिजखाली जातो, हा निसर्गनियम आहे. शेजारी स्टीलची ताटली, तिच्याखाली जुन्या स्पीकरचा चुंबक.

दुसरी गोष्ट अ‍ॅलन की. यात कंजुषी करू नका. रस्त्यावर पन्नास रुपयांत मिळणाऱ्या सेटच्या कडा चार वेळा फिरवल्या की गोल होतात, मग की घसरते आणि स्क्रूचं तोंड खाते. तीस हजारांच्या, लाखाच्या, तीन लाखांच्या रायफलीचा स्क्रू पन्नास रुपयांच्या कीनं खराब केलेला मी डझनावारी बघितला आहे. गोल टोकाची की अडचणीच्या जागी फिरवायला चांगली, पण शेवटचा दाब कायम सरळ टोकाच्या कीनं द्यायचा.

तिसरी गोष्ट छोटा टॉर्क रेंच. रायफलीचा लोखंडी भाग दस्त्यात बसवणारे दोन स्क्रू असतात, काहींत जास्त. हे दोन स्क्रू म्हणजे सगळा संसार. एक जास्त आवळला आणि एक कमी, तर आतल्या धातूवर ताण येतो, गोळ्या एका जागी पडायच्या बंद होतात. पोरं रडत येतात, 'सर, बॅरल गेली.' बॅरल अशी जात नसते. दहातल्या सात वेळा मला स्क्रू सैल सापडला आहे. रायफलीबरोबर आलेल्या पुस्तकात किती न्यूटन मीटर ते छापलेलं असतं. तेवढंच. थोडं इकडे, थोडं तिकडे, असं आळीपाळीनं आवळत आणायचं, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसं. लाकडी दस्ता असेल तर आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो फुगतो. जूनमध्ये एकदा आणि दसऱ्याला एकदा तपासायचं. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतोच, त्या निमित्तानं टॉर्कही बघायचा.

चौथी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि कुणी न वापरणारी. वही. शंभर पानी. दस्त्याची लांबी किती, गालाची फळी किती वर, बटप्लेट कुठल्या खाचेत, मागच्या साइटचे किती क्लिक, हे काहीही हलवण्याआधी लिहायचं. मूळ जागेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून पेन्सिलनं रेघ मारायची. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. पोरं काय करतात, रविवारी सकाळी सात गोष्टी हलवतात, संध्याकाळी नेम चुकतो, मग कशामुळे चुकला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मी त्यांना म्हणायचो, वहीत नाही ते झालंच नाही.

बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. अभिनव बिंद्रानं दहा मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं, शेवटची गोळी १०.८. अंतिम फेरीच्या सरावात त्याची गोळी भलतीकडेच गेली होती, साइट हललेली होती. मिनिटांच्या आत त्यानं ती जागेवर आणली. रायफलीचा प्रत्येक क्लिक ज्याच्या अंगात मुरला आहे त्यालाच ते जमतं. मी पोरांना ती १०.८ सांगत नाही, ती मिनिटं सांगतो.

पाचवी गोष्ट ओळंबा. गवंड्याचा असतो तो, किंवा दोऱ्याला नट बांधा. भिंतीवर सोडायचा, पोराला रायफल खांद्याला लावून उभं करायचं आणि मागून बघायचं, रायफल कलते का. थोडी कलणं चालतं, दर वेळी तेवढीच कलायला हवी. याला कुणीतरी घरचं माणूस लागतं बघायला. आजोबा असले तर उत्तम, आजोबांना वेळ असतो.

घरात दहा मीटर जागा कुणाच्या आहे? नसली तरी चालतं. स्पर्धेच्या लक्ष्यातलं काळं वर्तुळ साडेतीस मिलिमीटरचं असतं. पाच मीटरवर ते निम्मं करायचं, सव्वापंधरा. तीन मीटरवर ९.१५. कागदावर काळ्या शाईनं काढा, साधारण १ मीटर ४० सेंटिमीटर उंचीवर चिकटवा, डोळ्याला दहा मीटरवरचंच दिसतं. गोळी न भरता नुसता नेम धरायचा आणि चाप ओढायचा. रायफलीला कोऱ्या सरावाची सोय असेल तरच हं, स्प्रिंगच्या रायफलीचा चाप कधीही रिकामा ओढायचा नाही, आतला पिस्टन आपटून खराब होतो. रोज वीस मिनिटं. मोठमोठे खेळाडू गोळीपेक्षा असा कोरा सराव जास्त करतात. खर्च शून्य.

आणखी एक, पुढच्या साइटमधली रिंग. नवशिक्याला वाटतं रिंग जितकी लहान तितका नेम बारीक. उलट होतं. काळ्याभोवती पांढरी फट दिसायला हवी, ऐसपैस. फट अगदी बारीक असली की पोरगं ती सारखी करत बसतं, श्वास संपतो आणि गोळी सुटते ती घाईत. दुसरा डोळा मिटायचा नाही, त्याच्यापुढे पट्टी लावायची. तीस मिलिमीटर रुंदीपर्यंत नियमात बसते.

आता काय करायचं नाही. स्प्रिंगची रायफल घरी उघडायची नाही. आतली स्प्रिंग दाबलेली असते, ती सुटली की दात घेऊन जाते. चापाच्या आतली यंत्रणा उघडायची नाही. बाहेरून कंपनीनं जे दोन-तीन स्क्रू दिलेत त्यांचंच पुस्तकात बघून काय ते करायचं. नळीत तेल ओतायचं नाही, तारेचा ब्रश घालायचा नाही, नमद्याच्या गोळ्या मिळतात त्या पुरतात. आणि हवेच्या नळकांड्याशी खेळ नाही. त्यात २०० बारचा दाब असतो. गाडीच्या टायरच्या नव्वद पट. त्यावर मुदतीची तारीख कोरलेली असते, ती संपली की ते नळकांडं संपलं, कितीही चकचकीत दिसो. उद्यमनगरात एकानं मला विचारलं होतं, वेल्डिंगच्या ऑक्सिजननं भरलं तर? मी त्याला म्हटलं, भर, पण आधी मला गावाबाहेर जाऊ दे. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब यांची गाठ पडली की स्फोट. फक्त कोरडी, स्वच्छ हवा.

गोळ्या शिशाच्या. हात धुतल्याशिवाय पोरानं लाडू खायचा नाही. गोळ्या अडवायला लोखंडी पेटी, आत मऊ काहीतरी, नाहीतर गोळी परत येते. आणि रायफल पेटीतून निघाली की नळीतून आरपार रंगीत दोरी, लांबून दिसणारी. स्पर्धेत ती सक्तीची आहे. घरी मी सक्तीची केली. आमच्या मंडळींनी त्यासाठी परकराची नारंगी नाडी दिली. ती अजून आहे.

एवढं झालं की हत्यारांची यादी संपली. दोन-अडीच हजारांत सगळं येतं. आपल्या कोल्हापुरातली पोरं कुठं गेली ते बघा. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं, ६०० पैकी ५९७. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलात सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, २०२४ ला पॅरिसहून कांस्य घेऊन आला. कांबळवाडीत कुणाच्या घरी लेथ नव्हता.

तो व्हिडिओ मी उघडला होता. अर्धा बघितला आणि बंद केला. का, ते सांगतो. इथून पुढे हत्यारांचं काही नाही, कुणाला चहा घ्यायचा असेल तर घ्या.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी वर्कशॉप बंद करायच्या वेळी शेवटच्या लेथवर एक पोरगं थांबलं होतं. हुशार, हात सुरेख. त्यानं पहिल्या महिन्यात कानशीनं घासलेला ठोकळा गुण्याला लावला तर उजेडाची फट दिसत नव्हती. मी मागून गेलो. त्याच्या हातात पाइपाचा तुकडा होता आणि टूलपोस्टला टेकवलेल्या मोबाइलवर असाच एक व्हिडिओ चालू होता. त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी काही बोललो नाही. मला बोलताच येईना, कारण मला तिथं तो दिसत नव्हता. मला नववीतला मी दिसत होतो.

आता जे सांगतो ते मी छेचाळीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. सर, तुम्हाला माहीत आहे. बाकीच्यांना नाही.

१९७९, डिसेंबर. एन.सी.सी.चा फायरिंगचा दिवस. आपण चाळीस जण, पॉइंट टू टूच्या रायफली, प्रत्येकी पाच राउंड. दोनशे राउंड दिल्या, आणि शेवटी पुंगळ्या मोजल्या तर एकशे नव्याण्णव. सर शांत होते. पुन्हा मोजल्या. मग आपल्या सगळ्यांना रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. ऊन उतरेपर्यंत. मोजे काढून बघितले, खिसे उलटे केले. त्या फेऱ्यांत आपल्यातला एक जण पडला आणि त्याची हनुवटी फुटली. तीन टाके पडले. खूण अजून आहे. त्या दिवशी पुंगळ्या गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून संशयही त्याच्यावरच गेला. वार्षिक शिबिराच्या यादीतून त्याचं नाव गेलं. त्याला फौजेत जायचं होतं. त्याचे वडील त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

ती राउंड माझ्याकडे होती. टोपीच्या आतल्या पट्टीत. मी चारच झाडल्या होत्या.

का घेतली? आत काय असतं बघायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. मशीन दिसलं की उघडून बघायचं, एवढंच मला येत होतं. रात्री वडिलांच्या वर्कशॉपमध्ये मी ती व्हाइसमध्ये धरली आणि हेक्सॉ हातात घेतला, तेवढ्यात वडील आले. उद्यमनगरात त्यांनी तीस वर्षं ऑइल इंजिनं जोडली. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, त्या रात्रीही उगारला नाही. त्यांनी माझ्या हातातून हेक्सॉ घेतला, आणि मला दिसलं की त्यांचा हात कापतोय. त्यांनी व्हाइस सैल केला, ती गोळी रुमालात गुंडाळली आणि सायकल काढली. मी मागे कॅरिअरवर. रात्री दहा वाजता सरांच्या दारात.

सरांनी रुमाल घेतला. वडिलांना पाणी दिलं. मला म्हणाले, 'उद्यापासून कवायतीनंतर थांबायचं.' वर्षभर मी थांबलो. सगळ्या रायफली साफ केल्या, पुल थ्रू आणि चिंदी, आतून काचेसारख्या. रायफल म्हणजे काय ते मला तिथं कळलं. माझा पुढचा सगळा नाद त्या वर्षातून आला.

सरांनी कागदोपत्री राउंड सापडल्याचं कळवलं. कुठं सापडली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला वाचवलं. पण शिबिराची यादी आधीच गेली होती. आणि मी, माझ्या मित्रा, तुला काहीच सांगितलं नाही. दहावीला एका बाकावर बसलो, तुझ्या डब्यातलं खाल्लं, तुझ्या लग्नात वाढायला होतो. दर वेळी तुझी हनुवटी दिसायची. दर वेळी वाटायचं, आज सांगू.

म्हणून त्या लेथपाशी मला बोलता येईना. मग मी मोबाइल बंद केला, पाइपाचा तुकडा त्याच्याच हातानं व्हाइसमध्ये लावायला लावला आणि त्याच्यासमोर हेक्सॉनं चार तुकडे करून भंगारात टाकला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी आई-वडिलांना बोलावलं, पोलिसांना नाही. पाइप होता नुसता, पण मन काय होतं ते त्याचं त्यालाच माहीत. दोन महिने मला झोप लागत नव्हती, कारण पुढं काही झालं असतं तर ते आमच्या गप्प बसण्यामुळे झालं असतं. आम्ही बरोबर केलं की चूक, माझं अजून ठरत नाही. त्या शनिवारी मी त्याला रेंजवर नेलं आणि वही दिली. महिनाभर फक्त वही, रायफलीला हात नाही. तो काही ऑलिंपिकला गेला नाही. राज्य स्पर्धेत दोनदा खेळला, मग पैसे पुरेनात. आता शिरोलीत व्हीएमसी मशीन चालवतो, फिक्स्चर फार सुंदर बनवतो. आमच्या रेंजवरच्या दोन पोरांच्या गालाच्या फळ्या त्यानंच ॲल्युमिनियममधून करून दिल्यात.

आणि तो, ज्यानं दिवाळीत ग्रुपवर विचारलं की नातवाला कोणती हत्यारं लागतील, तो तूच. चाळीस जणांत तू मलाच विचारलंस. तू फौजेत गेला नाहीस, बँकेत गेलास, आणि नातवाच्या हातात रायफल दिलीस. म्हणून मला टाइप करता आलं नाही. मी माफी मागतो. सगळ्यांसमोर, कारण फेऱ्याही सगळ्यांनी मारल्या होत्या.

सर, तुमचीही. तुमचं तोंड मी छेचाळीस वर्षं बंद ठेवलं.

रविवारी सकाळी आठला मी तुझ्या घरी येतो. टॉर्क रेंच माझा आणतो, ओळंबा आणतो, नारंगी नाडीतला एक तुकडाही आणतो. पोह्यांचं वहिनींना सांग. आणि नातवाला सांग, मी येईपर्यंत रायफल पेटीतून काढायची नाही. फक्त शंभर पानी वही आणून ठेव म्हणावं, आणि पेन्सिल.